पूर्वपक्ष मी, उत्तरपक्षही मीच

मला पटतं. कोणी काही सांगितलं की ते मला पटतं, लगेच दुसऱ्याने त्याच्या नेमकं उलट सांगितलं की तेही पटतं, आणि पहिलं पटलेलं बाहेर काढायची पद्धत मला कोणी न शिकवल्यामुळे दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बिऱ्हाड करून राहतात. बँकेत असताना साहेबांनी मला कर्ज विभागात बसवलं होतं. समोरच्या माणसाची अडचण ऐकली की त्याला कर्ज मिळायलाच हवं हे मला पटायचं, आत गेलो की साहेब म्हणायचे हा बुडवणार, तेही पटायचं, आणि मग मी बाहेर येऊन त्या माणसाचा हात हातात घेऊन अगदी मनापासून सांगायचो, की तुम्ही बुडवणार हे तर खरंच आहे, पण तुमची गरजही खरी आहे. माझी बदली जावक टपालात झाली. पाकिटं काही पटवायला येत नाहीत.

हे सगळ्या डोंबिवलीला माहीत असल्यामुळेच पुढचं घडलं. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाने चातुर्मासानिमित्त ‘ईश्वर आहे काय?’ असा वादविवाद ठेवायचं ठरवलं आणि चिटणीस जमाखर्चाची वही काखेत मारून थेट आमच्याकडे आले. म्हणाले, बाजूने एक वक्ता, विरुद्ध एक वक्ता, म्हणजे दोन शाली, दोन नारळ आणि दोन रिक्षा. संघाची शिल्लक पाहता तुम्ही एकट्यानेच दोन्ही बाजू मांडाव्यात. मी म्हटलं, “अहो, मी काय तत्त्वज्ञ आहे?” ते म्हणाले, “तत्त्वज्ञ नकोच. त्यांना एकच बाजू पटते.” चहा संपेपर्यंत मला हे पटलं होतं.

मंगलला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मी रात्री हे सांगितलं. ती म्हणाली, “भाजीवाल्याने कोथिंबीर दिली नाही तर तुम्हाला मागता येत नाही, आणि तुम्ही देवाची उलटतपासणी घेणार?” हेही बरोबरच होतं. पण तोपर्यंत शालीची ऑर्डर गेली होती.

वाचनालयातून पुस्तकं आणली आणि नॉर्मंडीतल्या बेकच्या मठातल्या अँसेल्म नावाच्या साधूपासून सुरुवात केली. हा पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला, पण त्याआधी, १०७७-७८च्या सुमाराला, याच्या मनाने घेतलं की देव सिद्ध करायला ग्रंथ नकोत, चमत्कार नकोत, एकच एक युक्तिवाद पुरे. तो सापडेना तेव्हा याचं जेवण गेलं, झोप गेली, प्रार्थनेतलं लक्षही गेलं. शेवटी एका रात्री सापडला, तो मेणाच्या पाटीवर उतरवला, पाटी एका सोबत्याकडे ठेवायला दिली, आणि सोबत्याने ती हरवली. पुन्हा लिहिला, तर ती पाटी फुटून जमिनीवर पसरलेली मिळाली. हे त्याच्या शिष्यानेच चरित्रात लिहून ठेवलं आहे. एवढ्या मोठ्या माणसालाही ठेवलेली वस्तू जागेवर सापडत नाही, हे वाचून माझा त्याच्यावर तिथल्या तिथे विश्वास बसला. युक्तिवाद अजून वाचायचा होता.

तो असा, की ज्याच्याहून मोठं काही कल्पनेतही येऊ शकत नाही, ते म्हणजे ईश्वर. आता असा ईश्वर फक्त मनात असेल आणि प्रत्यक्षात नसेल, तर मनात असून शिवाय प्रत्यक्षातही असणारा त्याच्याहून मोठा ठरेल. म्हणजे ज्याच्याहून मोठं काही असू शकत नाही त्याच्याहून मोठं निघालं. हे होणं शक्य नाही. सबब ईश्वर प्रत्यक्षात आहे. मी हे दोनदा वाचलं, उठलो, हातपाय धुतले आणि भर दुपारी देवापुढे निरांजन लावलं. मंगलने विचारलं, “आज काय आहे?” मी म्हणालो, “सिद्धता.” ती पंचांग बघायला गेली.

ती पंचांग बघत असतानाच मी पुढलं पान उलटलं. तिथे मार्मूतिए मठाचा गोनिलो नावाचा दुसरा साधू उभा होता. अँसेल्मने म्हटलं होतं, की ‘देव नाही’ असं फक्त मूर्खच म्हणेल; तर या गोनिलोने ‘मूर्खाच्या वतीने’ म्हणून उत्तर लिहिलं. आमच्यासारख्यांची बाजू हजार वर्षांपूर्वी कोणीतरी लेखी मांडून ठेवली आहे, हे पाहून मला भरून आलं. गोनिलो म्हणतो, असं एक बेट कल्पा की ज्याच्याहून चांगलं बेट असूच शकत नाही. मग तुमच्याच हिशेबाने ते समुद्रात कुठेतरी असलंच पाहिजे. चला, होडी काढा. मी निरांजनाची वात मागे ओढली. मग कळलं, की अँसेल्मने यावर रागावणं तर सोडाच, उलट आपल्या पुस्तकाच्या पुढल्या प्रतींना गोनिलोचा आक्षेप आणि आपलं उत्तर दोन्ही जोडून द्यायला सांगितलं. इतका सभ्य माणूस चुकेल कसा? मी वात पुढे केली. संध्याकाळपर्यंत तेल संपलं.

शेवटी रात्री कांट भेटला. त्याने १७८१ साली लिहिलं, की खरे शंभर थॅलर आणि कल्पनेतले शंभर थॅलर यांच्या आकड्यात एका पैचाही फरक नसतो. ‘असणं’ हा वस्तूला चिकटवायचा आणखी एक गुण नव्हे, आणि म्हणून कल्पना कितीही परिपूर्ण केली तरी तिच्यातून ‘असणं’ बाहेर पडत नाही. हे मला कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती. वेतनकराराच्या थकबाकीतून मी मनातल्या मनात दोन दारांचा फ्रिज घेतलेला माणूस आहे. त्या फ्रिजमध्ये काही म्हणता काही उणं नव्हतं, रंग मोतिया होता, बर्फ भराभर व्हायचा, भाज्यांचा कप्पा ऐसपैस होता. दूध तेवढं बाहेर नासायचं.

परदेशी मालावर किती दिवस काढणार, म्हणून मग आपल्या न्यायशास्त्राकडे वळलो. नैयायिकांचं अनुमान शाळेत असताना ऐकलेलं होतं: डोंगरावर धूर दिसतो आहे, जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. आपले एवढे मोठे मोठे आचार्य शतकानुशतकं उदाहरणाला स्वयंपाकघरच घेत आले, त्याअर्थी त्यांना तिथे उभं राहू देत असावेत. मलाही वाटलं, व्याप्ती प्रत्यक्ष पाहावी. म्हणून दारात जाऊन उभा राहिलो, तर ओट्यावरून पांढरा लोट उठलेला दिसला, मी ‘अग्नी!’ असं ओरडून आत धावलो, गॅस बंद केला, खालचा नॉबही फिरवला आणि कुकरवर ओला टॉवेल टाकला. शिट्टी होती. वाफेला धूर समजून केलेलं अनुमान फसतं, हेसुद्धा शास्त्रात सांगितलेलं आहे. आमच्याकडे त्या दिवशी ते अर्धकच्चं ताटात वाढलेलं होतं.

याच न्यायशास्त्राच्या जोरावर मिथिलेच्या उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराला ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ लिहिला. त्यात ईश्वराच्या बाजूने हेतूंची रांगच लावली आहे. घडा हे कार्य आहे, त्याला कुंभार हा कर्ता आहे. तसं जग हेही कार्य, त्यालाही सगळी सामग्री जाणणारा कर्ता हवा. जड परमाणूंना पहिल्यांदा हलवलं कोणी? एवढं मोठं विश्व पडत कसं नाही, धरलंय कोणी? कोणत्या शब्दाचा काय अर्थ, हे पहिल्या माणसाला शिकवलं कोणी? वाचता वाचता मी इतका आस्तिक झालो की खुर्चीत मांडी घालून बसलो. त्यातून आचार्यांची आख्यायिका वाचली. ते म्हणे जगन्नाथपुरीला दर्शनाला गेले तर देवळाचं दार बंद. तेव्हा त्यांनी खुद्द जगन्नाथालाच सुनावलं, की आज दार लावून घेतोस, पण उद्या बौद्ध पंडित चालून आले म्हणजे तुझी बाजू लढवायला मीच लागतो, हे ध्यानात असू दे.

देवाशी हे असं बोलता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी मी आमच्या नाक्यावरच्या मारुतीच्या देवळापाशी गेलो. दार बंदच होतं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मी घसा साफ केला आणि बंद दाराला उद्देशून म्हणालो, की संघाच्या कार्यक्रमाची तारीख जवळ आली आहे, या वॉर्डात आपली बाजू मांडायला सध्या मीच आहे, तर काहीतरी सहकार्य व्हावं. आतून स्पष्ट आवाज आला, “चार वाजता या!” माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पुरावा! तोही प्रत्यक्ष! मग आतून उशी थोपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पुजारीबुवांचं घोरणं सुरू झालं.

विरोधी बाजूसाठी मी धर्मकीर्तीला घेतलं. हा बौद्ध पंडित सातव्या शतकातला, म्हणजे उदयनाचार्यांच्याही आधीचा. तो म्हणतो, घडा पाहून कुंभार आठवतो, कारण कुंभाराला घडा करताना आपण पाहिलेलं असतं. पण नुसता ‘मातीला आकार आहे, म्हणजे कोणीतरी घडवली’ एवढाच हिशेब धराल, तर वारुळालाही आकार असतो. मग तेही कुंभारानेच केलं म्हणा. मी हे वाचत होतो आणि पुस्तकांच्या कपाटामागे भिंतीवर मला मातीची एक रेघ दिसली. सुट्टीला आलेला नातू नुकताच खालून खेळून आला होता. माझं डोकं त्या काळात तापलेलंच होतं: रेघ आहे त्याअर्थी रेघ मारणारा आहे; रेघ कमरेएवढ्या उंचीवर थांबते त्याअर्थी मारणारा तेवढाच उंच आहे; रेघ मातीची आहे आणि या घरात मातीचे हात एकाचेच आहेत. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन, सगळं जागच्या जागी. मी नातवाचा कान धरला. तो रडला, सून गप्प झाली, आणि मंगलने झाडूच्या दांड्याने ती रेघ खरवडली तर आतून पांढरे किडे बाहेर आले. वाळवी. वारूळ बांधणारीच मंडळी, आमच्या भिंतीवर शाखा उघडून बसली होती.

धर्मकीर्तीचं म्हणणं सिद्ध करायला ती आतून किती आली होती हे कपाट उघडल्यावर कळलं. खालच्या कप्प्यात वाचनालयाची पुस्तकं होती. आस्तिक ग्रंथ खाल्लेले होते, नास्तिकही खाल्लेले होते, माझी टिपणवही तर पुठ्ठा शाबूत आणि आत चाळण अशी निघाली. इतक्या निःपक्षपातीपणे या विषयात आजवर कोणी शिरलं नसेल. पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला, “काका, हे बरेच दिवसांचं काम आहे.” नातवाला चॉकलेट मिळालं, वाचनालयाला भरपाई मिळाली, आणि मला धर्मकीर्ती पटला.

आता घड्याळाचं प्रकरण सांगणं भाग आहे, कारण मी नाही सांगितलं तर मंगल सांगेलच. विल्यम पेली नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ साली लिहिलं, की माळरानावर चालताना पायाला दगड लागला तर तो कुठून आला असं आपण विचारणार नाही, पण घड्याळ सापडलं तर विचारू. कारण त्यातली चक्रं, स्प्रिंगा, काटे हे सगळं एका हेतूने जुळवलेलं दिसतं, म्हणजे जुळवणारा आहे. आणि डोळा, पंख, सांधे यांची जुळणी तर घड्याळाहूनही नाजूक. विद्यार्थिदशेत डार्विनलासुद्धा पेली फार आवडायचा. १८५९ मध्ये त्याने त्या जुळणीचं वेगळं कारण दिलं, ही गोष्ट निराळी. मला वाटलं, व्यासपीठावर सांगायचं तर ही जुळणी आपण डोळ्यांनी पाहिलेली असावी. वडिलांचं चावी द्यायचं एचएमटी घड्याळ कपाटात होतं, अगदी व्यवस्थित चालू. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बटर लावायच्या सुरीने मागचं झाकण उघडलं, आत ती चिमुकली दातेरी चक्रं एकमेकांत गुंतून लगबगीने फिरत होती ते पाहून मी खरोखर हात जोडले, आणि मग आणखी जरा खालचं बघावं म्हणून एक स्क्रू सैल केला. काहीतरी टुण्णकन उडालं. पंखा चालू होता, वर्तमानपत्र हललं, मी पंखा बंद करायला उठलो तर पायाखाली काहीतरी वाजलं, ते उचलायला वाकलो तर कोपराने बाकीचं वरणाच्या भांड्यात गेलं, आणि ते गाळणीने गाळून, पुसून, वाळवून मी जसं सुचेल तसं परत बसवलं, तर झाकण लागलं आणि चार वस्तू उरल्या.

घड्याळ मी स्टेशनजवळच्या घड्याळजींकडे नेलं आणि माळरानावर सापडल्याच्या चेहऱ्याने काउंटरवर ठेवलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ आत पाहिलं, एकदा वासही घेतला, आणि मान वर न करता म्हणाले, “ज्याने उघडलं त्याला यातलं काही कळत नाही. घाई आहे, हात थरथरतो, धीर नाही. आणि हिंग जास्त खातो.” मी थक्क झालो. नुसत्या कृतीवरून कर्त्याचे एवढे गुण! आणि मग लक्षात आलं, की डेव्हिड ह्यूमचं म्हणणं तर हेच आहे. त्याचे ते संवाद तो गेल्यावर १७७९ मध्ये पुतण्याने छापून आणले, म्हणजे पेलीच्या प्रश्नाच्या तेवीस वर्षं आधी उत्तर तयार होतं. ह्यूम विचारतो, की रचनेवरून रचणारा ओळखायचा तर रचना जेवढ्यास तेवढाच रचणारा धरा. हे जग एखाद्या शिकाऊ देवाचा पहिलाच खटाटोप नसेल कशावरून, जो पुढे लाजेने त्याने अर्धाच टाकून दिला? त्या शिकाऊ देवाबद्दल मला आतून फार जवळीक वाटली. त्याच्याकडेही काही वस्तू उरल्या असतील.

पास्कलने माझ्या पोटाचे हाल केले. हा सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती. जुगारातल्या हिशेबावरून त्याने आणि फर्मा याने १६५४ मध्ये एकमेकांना पत्रं लिहिली आणि त्यांतून संभाव्यतेचं गणित उभं राहिलं. त्याचा सल्ला बँकेतल्या माणसाला लगेच कळेल असा आहे. देव मानला आणि तो असला, तर लाभ अनंत. मानला आणि नसला, तर नुकसान किरकोळ. तेव्हा मानण्यावर पैसे लावा. ठेवीवर अनंत व्याज! मी सोमवारचा उपास धरला. पण मग दिदेरोचा शेरा वाचला, की हाच हिशेब एखादा इमामही तितक्याच चांगल्या रीतीने मांडू शकेल. म्हणजे पैसे लावायचे खरे, पण कोणत्या खिडकीवर? मला हेही पटलं आणि जोखीम नको म्हणून मी शंकराचा सोमवार, गणपतीचा मंगळवार, विठ्ठलाचा बुधवार, दत्ताचा गुरुवार, देवीचा शुक्रवार, मारुतीचा शनिवार आणि खंडोबाचा रविवार असे सगळेच धरले. म्हणजे रोज साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याचा कीस आणि रात्री उपास सोडायला साधं जेवण. पित्त उसळलं, वजन वाढलं, साखर वर गेली. डॉक्टर म्हणाले, “असा उपास करणारा पेशंट मी पाहिला नाही.” पास्कलने किरकोळ नुकसान म्हटलं होतं त्यात त्याने साबुदाणा धरलेला नव्हता.

भाचा हिंजवडीला कॉम्प्युटरमध्ये आहे. तो म्हणाला, “मामा, कशाला एवढं वाचताय? देव लॅपटॉपवर सिद्ध झालाय.” आणि ते खरंच निघालं. कुर्ट गोडेल या विख्यात तर्कशास्त्रज्ञाने अँसेल्मचाच धागा धरून गणिती चिन्हांत एक सिद्धता लिहिली होती. १९७०च्या सुमाराला ती त्याने डेना स्कॉटला दाखवली आणि स्कॉटने ती आपल्या पद्धतीने उतरवून घेतली. २०१३ मध्ये दोन संशोधकांनी ती संगणकाला तपासायला दिली आणि संगणकाने पायऱ्या बरोबर असल्याचं सांगितलं. मी आनंदाने खिचडी बाजूला सारली. भाचा म्हणाला, “थांबा. पुढे संगणकालाच कळलं, की गोडेलच्या मूळ हस्तलिखितातली गृहीतकं आपापसातच विसंगत आहेत. स्कॉटच्या प्रतीत तो दोष नाही.” म्हणजे देव आहे, पण सुधारित आवृत्तीत. आणि गृहीतकं खरी आहेत का, ते काही संगणक सांगत नाही. ते आपलं आपणच बघायचं.

अशा तयारीने मी व्यासपीठावर गेलो. चिटणीसांनी आधी हात वर करून मतं घेतली. आहे म्हणणारे बरेच, नाही म्हणणारे थोडे पण हात जास्त ताठ. मग शुभकार्याची सुरुवात नकाराने नको म्हणून ‘आहे’ची बाजू आधी मांडायला सांगितली. मी अँसेल्म उत्तम मांडला. पुढल्या रांगेत शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले ढवळेसर बसले होते, ते तिथूनच म्हणाले, “आणि कांटचं काय?” मी म्हटलं, “खरंच की!” आणि त्यांना थकबाकीच्या फ्रिजची गोष्ट सविस्तर सांगितली. त्यामुळे झालं असं, की आस्तिक बाजूची पंधरा मिनिटं संपली तेव्हा मी पूर्ण नास्तिक झालो होतो.

मग नास्तिक बाजू सुरू झाली. मी पुरावा, पुरावा असं दोनदा म्हणालो तोच साळवीकाकू उभ्या राहिल्या. वारी करणाऱ्या बाई, त्यांचा आवाज माईकपेक्षा मोठा. म्हणाल्या, “तुमच्या दाखल्यावर माझा विठोबा उभा नाही हो. तो विटेवर उभा आहे!” सभागृहात टाळ्या पडल्या. त्यांत माझ्याही होत्या. चिटणीसांनी घंटा वाजवली आणि म्हणाले, “वक्त्यांनी कृपया आपल्याच बाजूला राहावं.” मी विचारलं, “कोणत्या?” ते कार्यक्रमपत्रिका बघू लागले.

काकूंना जोर चढला होता. त्या म्हणाल्या, देव नाही हे खूळ तिकडून आलं, आपल्याकडे असं कोणी बोलत नव्हतं. मला त्यांचंही खरं वाटायला लागलं होतं, पण वाळवीतून वाचलेली चार पानं हातात होती. त्यांत सांख्य होते, जे प्रकृती आणि पुरुष एवढ्यावर सगळं विश्व मांडतात आणि ईश्वर सिद्ध होत नाही म्हणतात. आणि मीमांसक होते, वेद आणि यज्ञ यांच्यासाठी जीव टाकणारे. पण त्यांचे कुमारिल भट्ट सृष्टी निर्माण करणाऱ्याला हिशेब विचारतात, की बाबा, तुला शरीर नाही तर इच्छा कुठून आली, आणि कशाची कमतरता होती म्हणून हे एवढं दुःखाने भरलेलं जग केलंस? यज्ञाचं फळ यज्ञच देतो, वाटायला मध्ये कोणी लागत नाही. हे ऐकून तिसऱ्या रांगेतले गुरुजी, ज्यांनी आमच्याकडे सत्यनारायण सांगितला होता, ते चष्मा पुसायला लागले.

दुःखाचा विषय निघालाच होता, म्हणून मी लिस्बन वाचून दाखवलं. लायब्निट्झने १७१० साली लिहिलं होतं, की देवाने शक्य होतं त्यांतलं उत्तमातलं उत्तम जग निवडलं. १ नोव्हेंबर १७५५ला सकाळी, ऐन सर्व संतांच्या सणाला, लिस्बनची माणसं चर्चमध्ये असताना भूकंप झाला, मागोमाग समुद्र आत आला, आणि वेदीवरच्या मेणबत्त्यांनी शहर पेटलं. व्हॉल्टेअरला यानंतर ते उत्तमातलं उत्तम कधीच सोसलं नाही. मी वाचत होतो तेव्हा मागच्या रांगेतून शिंदेसाहेब उठले, महसूल खात्यातून निवृत्त झालेले, कधी न बोलणारे. म्हणाले, “३० सप्टेंबर १९९३. मी लातूरला होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं, माणसं दमून झोपली होती आणि पहाटे किल्लारी गेलं. त्यानंतर कोणी म्हणायचं देव नाही, कोणी म्हणायचं देवानेच मला वाचवलं. पत्र्याच्या शेडसाठी दोघं माझ्यापुढे एकाच रांगेत उभे असायचे. मी दोघांनाही काही बोललो नाही. नावं लिहून घेतली.” आणि ते बसले.

यावर मला काहीही बोलता आलं नाही. माझ्या सबंध भाषणातला तेवढाच भाग सगळ्यांना आवडला, असं मंगल म्हणते.

शेवटी पुन्हा मतं घेतली. चिटणीसांनी दोनदा मोजलं. एकाही श्रोत्याचं मत बदललं नव्हतं. आधी ज्यांनी जो हात वर केला होता त्यांनी तोच केला होता. तरी दोन्हीकडे एकेक मत वाढलं होतं. ते माझं होतं.

शाल आणि नारळ घेऊन बाहेर आलो तर चहाच्या टपरीपाशी ढवळेसर आणि साळवीकाकू कटिंग घेत कडाकडा भांडत होते. कांट काय, विठोबा काय, दोघांचे डोळे चमकत होते, चहा निवून गेला तरी भान नव्हतं. मला पाहून दोघंही एकदम गप्प झाले. मग ढवळेसर काकूंना म्हणाले, “यांचं काही खरं नाही,” आणि काकू म्हणाल्या, “अगदी बरोबर.” त्या दोघांचं एकमत झालेला हा पहिला मुद्दा.

घरी येऊन मी न्यायकुसुमांजलीचं वाळवीने ठेवलेलं शेवटचं पान काढलं. पाच गुच्छ भरून प्रतिपक्षाला झोडपल्यावर उदयनाचार्य अखेरीला देवाकडे हात जोडतात ते विरोधकांसाठी. त्यांचं मागणं असं, की इतकं सांगूनही ज्यांना तू पटत नाहीस त्यांनाही, हे दयाळा, वेळ येईल तेव्हा तारून ने. कारण तुला खोडून काढण्यासाठी का होईना, पण तेही रात्रंदिवस तुझंच चिंतन करत होते. म्हणजे काकूंची सोय झाली, ढवळेसरांचीही झाली. मी ते पान उलटून पाठीमागेही पाहिलं. दोन्ही वेळा हात वर करणाऱ्यांसाठी काही तरतूद नाही.